'राहिले'चं 'राहिलो' करू का?

प्रश्न : मी इस्लामपूरचा, वय ३४, बँकेत नोकरी. हौसेने सुगम संगीताच्या कार्यक्रमांत गातो. विरहिणीची गाणी माझ्या गळ्याला बसतात, पण 'वाट पाहत राहिले' असं पुरुषाने म्हटलं की पुढच्या रांगेत खसखस पिकते. परवा मी ऐनवेळी 'राहिलो' केलं. चुकलं का?

उत्तर : हो, चुकलं. आपल्या मराठीत बोलणारी बाई की पुरुष हे क्रियापदच सांगून टाकतं, म्हणून ही अडचण येते. पण 'राहिलो' केलंत की पुढच्या ओळीतलं 'वाहिले' पोरकं होतं. आणि कडव्यात पैंजण आले, तर ते कुणाच्या पायात घालणार?

माझे वडील गावच्या भजनी मंडळात गात. पिळदार मिशा, दिवसभर शेतात राबलेला माणूस. रात्री गौळण म्हणताना राधा होऊन कान्ह्याला वाट अडवल्याबद्दल दटावत. दारात आई बसलेली असे, समोर सगळं गाव. कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

ज्ञानदेवांच्या विरहिण्या बाईच्याच तोंडच्या आहेत. तुकोबांच्या विराण्या तर त्याहून धीट. घरदार, लोकलाज सोडून परपुरुषाच्या, म्हणजे हरीच्या, नादी लागलेली बाई तिथे उघड बोलते. लिहिणारे देहूचे संसारी गृहस्थ! त्यांनी कुठे 'मी'चं लिंग बदललं?

सुलोचनाबाई चव्हाण आठवा. डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहत, आणि गळ्यातून ठसकेबाज, नखरेल लावणी येई. शब्द कसा फेकायचा हे त्यांना त्यांच्या यजमानांनीच, श्यामराव चव्हाणांनी शिकवलं होतं. गाण्यातल्या त्या नखरेल बाईचा हिशेब सुलोचनाबाईंकडे कुणी मागायला जायचं नसतं, हे त्या पदराकडे बघूनच कळे.

आता खरं दुखणं. लोक 'राहिले'ला हसत नाहीत. तो शब्द आला की तुम्ही आवाज चोरत असणार. माझ्याकडे शिकणारी मुलंही हेच करतात. गाणाराच अवघडला की ऐकणाऱ्याला हसू फुटतं. महिनाभर तबल्याशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर ती एकच ओळ म्हणा. पुढच्या कार्यक्रमात 'ले'वर जरा जास्त थांबा, आणि त्या वेळी पुढच्या रांगेकडे बघू नका.