पाणी देणे, अनुशीतन की तावणे?

घरचं वर्कशॉप उद्यमनगरात असलेल्या आणि शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका वाचकानं विचारलंय: सिलिकॉनच्या स्फटिकात आयन (विद्युतभार असलेले अणू) घुसवल्यावर तो भट्टीत तापवतात, त्याला आपल्याकडच्यासारखं 'पाणी देणे' म्हणावं का? इंग्रजीतल्या 'अॅनीलिंग'साठीचा 'अनुशीतन' हा पारिभाषिक शब्द त्यांना परका वाटतो.

'पाणी देणे' इथं अजिबात नको. शब्द अस्सल आहे, पण क्रिया उलटी आहे. लाल तापलेलं पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कार्बनचे अणू निसटायच्या आत जागच्या जागी अडकतात, स्फटिकातल्या अणूंची जाळी ताणलेली राहते आणि हत्यार कडक होतं. म्हणजे पाणी देताना ताण मुद्दाम कोंडून ठेवायचा असतो. सिलिकॉनच्या बाबतीत तो घालवायचा असतो.

तिथं काय घडतं ते पाहा. बोरॉन, फॉस्फरस किंवा आर्सेनिकचे आयन हजारो, कधी लाखो व्होल्टनं वेग देऊन पृष्ठभागावर सोडतात. आत शिरणारा एकेक जड आयन सिलिकॉनच्या शेकडो अणूंना जागेवरून हुसकावतो. असे पुरेसे आयन घुसले की वरचा थर अस्फटिकी होतो. स्फटिकाची घडीच विस्कटते. मग सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापवलं की खालचा शाबूत स्फटिक नमुना पुरवतो आणि घडी खालून वर, थरावर थर बसत येते. यात काही वितळत नाही, सिलिकॉन वितळायला १४१४ अंश लागतात. घुसवलेले बहुतेक अणू जाळीत नेमक्या जागी बसून विजेच्या कामी यावेत म्हणून अनेकदा हजार अंशांच्या आसपास जावं लागतं, तेही काही सेकंदच. जास्त वेळ ठेवलं तर ते अणू खोलवर पसरतात.

'अनुशीतन' मला इथं खटकतो तो याचमुळे. पोलाद मऊ करताना भट्टीतच सावकाश निवू देतात, तिथं शीतनाला अर्थ आहे. सिलिकॉनची दुरुस्ती मात्र तापलेलं असतानाच होते. निवणं म्हणजे फक्त काम थांबणं.

माझं मत 'तावणे' या क्रियापदाला. संस्कृत 'ताप'पासून प्राकृतातून आलेला, 'तवा'च्या कुळातला हा शब्द. 'तावून सुलाखून'मध्ये आपण तो रोज वापरतो आणि त्याचा मूळ धंदाच सोन्याचांदीचा. हुपरीच्या कारागिराला हे समजावून सांगावं लागणार नाही: ओढून ओढून ताठरलेली चांदीची तार तापवली की पुन्हा वळते, कारण तिच्या आतल्या स्फटिकांतले दोष उष्णतेनं कमी होतात. सिलिकॉनमध्येही उष्णता हेच करते.

आयन घुसवण्याला 'आयन रोपण' हा शब्द राहू द्या, कारण आयन आतच राहतात. आयनांनी पृष्ठभागाचे अणू उडवून लावले, तर त्या परिणामापुरतं 'मारा' म्हणा.

प्रबंधात पहिल्या उल्लेखाला 'तावणे' आणि 'अनुशीतन' शेजारी शेजारी लिहा, म्हणजे परीक्षक अडणार नाहीत. नाम लागलं तर पेरणी-मळणीच्या चालीवर 'तावणी' करता येईल. 'तावणीचं तापमान', 'तावणीचा वेळ' हे तक्त्यातले मथळेही मग आटोपशीर होतात.