‘आमच्यामागं हिचं कसं व्हायचं?’

हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकलाय, की आईवडील खुर्चीत टेकले की तो कितव्या मिनिटाला येणार याचा आता अंदाज येतो. मूल सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी राहतो ती अवस्था) असो, मणक्याच्या जन्मजात दोषाचं असो की स्नायूंच्या आजाराचं. ते तेरा-चौदाचं झालं आणि उचलताना आईची कंबर धरायला लागली, की प्रश्न आलाच. माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे: ‘आज सकाळपासून तिनं स्वतः काय काय ठरवलं?’

सायलीच्या (नाव आणि तपशील बदललेत) आई म्हणाल्या, ‘‘ती काय ठरवणार मॅडम? सगळं जागेवर मिळतंय की.’’

सायली सोळा वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे दोन्ही पाय कडक, हातात वॉकर, बोलणं सावकाश, डोकं मात्र तल्लख. वडिलांचं हुपरीला चांदीचं काम. पहिल्या भेटीत मी तिला विचारलेल्या जवळपास प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आईनंच दिलं. मनात म्हटलं, सापडलं दुखणं. एवढ्यात चहा आला आणि मी आईंनाच विचारलं, ‘‘ही घेते ना? साखर चालते?’’ सायली माझ्याकडे बघून हसली. ते हसू काही बरं नव्हतं. माझा वीस वर्षांचा अनुभव त्या एका कपात बुडाला.

गृहपाठ एकच दिला. रोज एक गोष्ट सायली ठरवणार आणि ती चुकली तरी घरातल्या कुणी दुरुस्त करायची नाही. फिटच्या गोळ्या, जखमा, ताप हे त्यात नाही. तिथं आईबापांनी आईबापच राहायचं. बाकी सगळं खुलं.

तिसऱ्या भेटीत वडील मिसळीची गोष्ट सांगायला लागले. रविवारी तिघं गेले होते. पोऱ्यानं सवयीनं वडिलांनाच विचारलं, ‘‘ताईंना काय?’’ वडील भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत राहिले. सायलीचा शब्द यायला वेळ लागतो. तोवर पोऱ्याचं फडकं टेबलावरून दोनदा फिरलं. ‘‘मिसळ. कट... जादा.’’ मग काय, कान लाल, नाकाला धार. ‘‘दह्याची वाटी सरकवायला हात शिवशिवत होता, मांडीखाली दाबून बसले,’’ आई म्हणाल्या. निम्मी मिसळ तशीच राहिली. पुढच्या रविवारी सायलीनं सांगितलं, ‘‘कट वेगळा द्या.’’

या सगळ्या केसमधलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे वाक्य. पहिल्या रविवारी दही पुढं सरकलं असतं तर दुसऱ्या रविवारी ते आलंच नसतं. आपण या मुलांना पडण्यापासून जपतो ते ठीकच, पण त्याबरोबर साध्या फजितीपासूनही जपतो आणि मग अठराव्या वर्षी म्हणतो, हिला काही कळत नाही.

खरा पेच पाचव्या भेटीत आला. सायली म्हणाली, ‘‘मला कॉलेजला व्हीलचेअर पाहिजे.’’

‘‘बारा वर्षं फिजिओथेरपीला नेलं ते खुर्चीत बसवायला?’’ आईंचा आवाज फुटला. ‘‘तिनं चाललंच पाहिजे.’’

‘झालंच पाहिजे’ हा हट्टच माणसाला छळतो, असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर मी वाढले. असला ‘च’ मला लांबूनही ऐकू येतो. पण त्या दिवशी मी गप्प बसले, आणि ते बरं झालं, कारण सायलीला अजून बोलायचं होतं. ‘‘गेटापासून वर्गात पोचतो तवर मी दमतो. पहिलं लेक्चर डोक्यात जात नाही.’’ (कोल्हापूरच्या पोरी ‘मी जातो, मी येतो’च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) ‘‘घरात चालतो की मी. कॉलेजात शिकायला जातो, चालायला नाही.’’

ती बरोबर होती. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, पण वयात येताना उंची आणि वजन वाढतं, हाडांच्या वाढीला ताठर स्नायू पुरे पडत नाहीत आणि तेवढ्याच अंतराला जास्त दम लागतो. लांबच्या अंतरासाठी खुर्ची घेणं म्हणजे चालणं सोडणं नव्हे. फिजिओथेरपिस्टनीही तेच सांगितलं, घरातलं चालणं आणि व्यायाम चालू ठेवायच्या अटीवर.

मी आईंना विचारलं, ‘‘चाललंच पाहिजे, ते कुणासाठी?’’ बराच वेळ त्या पदराचं टोक वळत राहिल्या. ‘‘माझ्यासाठी,’’ म्हणाल्या. ‘‘खुर्चीत बघितली की पाव्हणेरावळे म्हणणार, हिनं हात टेकले.’’

नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था उभी केली ती याच कोल्हापुरात, हे मी सांगून बघितलं. ‘‘त्या मोठ्या बाई,’’ एवढंच उत्तर मिळालं. उदाहरणांनी आया हलत नाहीत, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. सायलीनं आईच्या हातावर हात ठेवला तेव्हा त्या हलल्या.

खुर्ची आली. सायलीनं एकच नियम केला: मागून ढकलण्याआधी मला विचारायचं.

दारात पुन्हा तोच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. तिला काही विचारलंत तर मनात दहापर्यंत मोजा, मधे वाक्य पुरं करू नका. उचलण्याआधी, कपडे बदलण्याआधी तिची परवानगी घ्या. डॉक्टरांकडे पाच मिनिटं तिला एकटीला बोलू द्या. दहा वर्षांपुढच्या मुलाला बँकेत स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं. ते उघडून द्या आणि पासबुक तिच्याच कपाटात ठेवा. आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा अपंग मुलांचा हक्क 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही लिहिलेला आहे. अर्थात, घरातलं कुणी थांबून ऐकणार नसेल तर कायदा कपाटातच राहतो.

मागच्या महिन्यात सायलीचा फोन आला. आईच्या नंबरवरून नव्हे, स्वतःच्या.

‘‘मॅडम, गुरुवारी येत नाही. मैत्रिणींबरोबर रंकाळ्यावर जातोय.’’

‘आईला विचारलंस का?’ अगदी ओठांवर आलं होतं.

‘‘बरं,’’ मी म्हटलं.