शेक घेतल्यावर नातवाला जवळ घेऊ का?

‘शेक चालू असताना घरच्यांना बाधा होते का?’ शेक म्हणजे कॅन्सरवर बाहेरून मशीननं दिली जाणारी किरणं. रेडिएशन विभागात हा प्रश्न मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकते. कुणी ताट-वाटी वेगळी करतं, कुणी कपडे वेगळे धुतं. एका मावशींनी तर ओसरीवर अंथरूण टाकलं होतं. त्यांची ओळख बदलून सांगते.

गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, नंतर सोमवार ते शुक्रवार असे 30 शेक ठरलेले, डोकं हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून. बाराव्या शेकापर्यंत वजन उतरलं, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. काहीही विचारा, मावशींचं उत्तर एकच, ‘बरंय’. दोन भेटी अशाच गेल्या. मी माहिती ओतत बसले नाही. मनातली भीती बाहेर आल्याशिवाय सांगितलेलं आत उतरत नाही, हे माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, “सिस्टर, एक इचारू? शेक देताना तुम्ही समदे जाड दार लावून बाहेर का पळता?”

इतका नेमका प्रश्न! मी उलट विचारलं, “दार उघडल्यावर आत कोण येतं?”

“तो टेक्निशियन पोरगा.”

“किती वेळानं?”

“लगीच. तोंडावरची जाळी काढतो, हाताला धरून उठवतो...” त्या थांबल्या. स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिल्या. “रोज धरतो की. हातमोजं बी नसत्यात.”

मग बाकीचं सांगणं सोपं झालं. किरणं मशीन चालू असेपर्यंतच; बंद झालं की अंगात काही उरत नाही. कर्मचारी वर्षानुवर्षं तिथे काम करतात, म्हणून ते बाहेर थांबतात. घोळ मला आपल्या शब्दातच दिसला. शेकलेलं अंग बराच वेळ गरम राहतं, तसाच हाही शेक अंगात राहतो असं वाटतं. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी हे बोलते. (थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटात घेतलेल्यांचं वेगळं. त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं.)

भीती सरली तेव्हा मावशींनी तोंड उघडून दाखवलं. गालाच्या आत पांढरट चट्टे, आणि त्यावर रोज ठेचा-भाकरी! तोंड साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या करा. ब्रश मऊ हवा. मिश्री, तंबाखू, तिखट बंद. भाकरी दुधात कुस्करून खा. शेकाच्या जागी हळद, लेप, बर्फ काही लावू नका. शेक संपल्यावरही एक-दोन आठवडे त्रास वाढू शकतो, मग उतरतो; घाबरून मधला शेक चुकवू नका. पाणीही गिळवेना किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

पुढच्या सोमवारी नातू सोबत आला होता. मावशी शेक घेऊन बाहेर आल्या, बाकावर टेकल्या, आणि तो मांडीवर चढून त्यांच्या कपाळावर उमटलेले जाळीचे चौकोन मोजू लागला.