एकच जंगल, तीन दर्जे

प्रश्न : ताडोब्याला गेल्यावर ‘राष्ट्रीय उद्यान’, ‘अभयारण्य’ आणि ‘व्याघ्र प्रकल्प’ असे तिन्ही उल्लेख आढळतात. जंगल एकच असताना हा फरक कशाचा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा फरक झाडांचा किंवा जनावरांचा नसून, त्या जमिनीवर माणसाचे कोणते हक्क शिल्लक राहतात याचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानाची अंतिम घोषणा होण्यापूर्वी तेथील जमिनीवरचे सर्व खासगी हक्क शासनाकडे यावे लागतात. तेथे गुरे चारण्यास पूर्ण मनाई असते. अधिकृत व्यक्तीने वाहन म्हणून वापरलेल्या जनावराखेरीज, उदाहरणार्थ गस्तीच्या हत्तीखेरीज, कोणतेही पाळीव जनावर आत नेता येत नाही. अभयारण्यात मात्र मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून जिल्हाधिकारी काही हक्क पुढे चालू ठेवू शकतात आणि चराईवर बंदी न घालता तिचे नियमनही करता येते.

व्याघ्र प्रकल्प ही या दोहोंना सामावून घेणारी व्यवस्था आहे. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, त्याचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर. त्याला लागून असलेले, सुमारे ५०९ चौरस किलोमीटरचे अंधारी अभयारण्य १९८६ चे. १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २००६ च्या दुरुस्तीने गाभा (वाघांसाठी राखलेला आतला भाग) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) ही विभागणी कायद्यात आली. गाभ्यातील गावांचे पुनर्वसन स्वेच्छेने आणि ग्रामसभेच्या संमतीनेच करता येते. बफरमध्ये गावे, शेती आणि मोहफुले वेचणारी माणसे राहतातच, किंबहुना त्यांनी राहावे हेच त्या विभागात अभिप्रेत आहे.

प्रश्न : आमच्या भागात अभयारण्य होणार अशी चर्चा आहे. शेती सरकारजमा होईल का?
– एक शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपोआप होत नाही, पण आपल्या जिल्ह्याचा अनुभव पाहता आपली काळजी रास्त आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, रस्ते आणि हजारो शेतकऱ्यांची खासगी शेती आली. माळढोकाची मादी उघड्या माळावर, बहुधा एकच अंडे घालते. तिला हवे असते ते गवताळ, निवांत रान. शहरे आणि बागायती सीमेत घेऊन तिचे काहीच साधले नाही, उलट निर्बंध सोसणाऱ्या शेतकऱ्याला हा पक्षीच नकोसा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२३ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर तीन दशके उलटून गेली होती आणि माळढोक दिसणे दुर्मीळ झाले होते.

प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही, म्हणून व्यवहार अडतात. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीरनामा काढतात आणि त्या तारखेपासून दोन महिन्यांत लेखी दावा दाखल करायचा असतो. दावा मान्य झाल्यास जमीन सीमेबाहेर ठेवणे, ती संपादित करणे किंवा हक्क चालू ठेवणे, असे तीन मार्ग त्यांच्यापुढे असतात. दाव्यात विहीर, पायवाट, चराई यांचाही उल्लेख करावा, सातबारा उतारा जोडावा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.