वाचकांचे प्रश्न : गोमुख मागे का सरकते?

प्रश्न : गेल्या मे महिन्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीतील काही मंडळी गोमुखाला जाऊन आलो. बर्फाचा कडा पांढराशुभ्र असेल असे वाटले होते, पण तो दगडमातीने काळवंडलेला दिसला. गोमुख दरवर्षी मागे सरकते, असे वाटाड्याने सांगितले. घरी आल्यावर मात्र काराकोरममधील काही हिमनद्या पुढे सरकत असल्याचे वाचले. मग हवामान तापते आहे, हे खरे मानावे का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : खरे मानावे, मात्र मुख, म्हणजे हिमनदीचे खालचे टोक, पुढे गेले की मागे, एवढ्यावरून हिमनदीची प्रकृती ठरवू नये. वरच्या भागात साठलेले हिम दबून त्याचे बर्फ होते आणि ते उतारावरून सावकाश खाली येते. जेवढे येते त्याहून अधिक मुखाशी वितळले, तर बर्फ पुढे वाहत असतानाच मुख मागे हटते. गोमुख हे ज्या गंगोत्री हिमनदीचे मुख आहे, ती सुमारे 30 किलोमीटर लांब आहे. एवढ्या मोठ्या हिमनदीत वरच्या जमाखर्चातील बदल मुखापर्यंत पोहोचण्यास कित्येक दशके लागतात, त्यामुळे गोमुखाशी आपण पाहिलेली माघार ही बऱ्याच अंशी मागच्या पिढीच्या हवामानाची आहे.

आपल्याला खटकलेला काळा रंग महत्त्वाचा आहे. धुळीचा पातळ थर ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो. थर काही सेंटिमीटरहून जाड झाला की उलट तोच बर्फ राखतो. आपल्याकडे मासळी बाजारात बर्फाची लादी उतरवली की तिच्यावर भुसा किंवा गोणपाट टाकतात, ते याचसाठी. दगडांनी झाकलेल्या हिमनदीचे मुख म्हणूनच बरीच वर्षे जवळपास जागेवर राहू शकते आणि ती मात्र वरून पातळ होत जाते. यासाठी अभ्यासक बर्फात बांबूच्या काठ्या रोवून दरवर्षी त्या किती उघड्या पडल्या हे मोजतात. हिमाचल प्रदेशातील छोटा शिग्री हिमनदीवर 2002 पासून अशी मोजणी चालू असून बहुतेक वर्षी तोटाच आढळला आहे.

काराकोरमचे गणित निराळे आहे. तिथले हिम मुख्यतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे पडते. मध्य आणि पूर्व हिमालयात ते बरेचसे पावसाळ्यात पडते. हिमालयाच्या या भागांत तापमान थोडे वाढले तरी हिमाऐवजी पाऊस पडतो, म्हणजे जमा घटते आणि ऊन परतवणारे पांढरे आवरणही जाते. शिवाय काराकोरममधील काही हिमनद्या आपल्या तळाशी होणाऱ्या बदलांमुळे अधूनमधून एकाएकी पुढे धावतात, त्याचा हवामानाशी थेट संबंध नसतो. अतिशयोक्तीही झालीच आहे : हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील, हे 2007 च्या आंतरराष्ट्रीय अहवालातील विधान 2010 मध्ये मागे घ्यावे लागले. त्या एका चुकीने संशयाला फार खाद्य पुरवले.

पुन्हा गोमुखाला गेलात, तर दोन्ही बाजूंना दगडगोट्यांचे जे उंच बांध दिसतात तिकडे पाहा. ते हिमनदीनेच रचलेले आहेत, आणि एके काळी बर्फ त्यांच्या माथ्याला टेकलेले होते.