पुढचा शॉकअप तळाला लागतो? आधी ऑइल बघा

प्रश्न : माझी १५० सीसीची गाडी ४२,००० किलोमीटर चालली आहे. साताऱ्याहून कासला नेहमी जाणं असतं. यवतेश्वर घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी एकदम पुढे झुकते, खड्ड्यात शॉकअप ‘ठक्’ करतो. मेकॅनिक कडक स्प्रिंग टाका म्हणतो. टाकू का?

उत्तर : एवढ्यात नको. स्प्रिंग वजन पेलते, पण ती किती वेगाने दबायची आणि उघडायची हे ऑइल ठरवतं. ऑइल कधी बदललं ते तुम्ही लिहिलेलं नाही. कधीच बदललं नसेल, तर आतून काळपट, पाण्यासारखं पातळ द्रव निघेल. ते शॉकअपमधल्या बारीक छिद्रांतून सहज पळतं, म्हणून गाडी झपकन झुकते.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपचं ऑइल) घ्या. इंजिन ऑइल चालणार नाही. फार जाड ऑइलही नको. लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप पुरता वर यायच्या आत पुन्हा दबतो आणि आखडत जातो.

शॉकअप काढण्याआधी वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करून झाकण थोडं ढिलं करून ठेवा. पूर्ण उघडताना तळहाताने दाबून धरा; खाली स्प्रिंग दाबलेली असते, तोंड लांब ठेवा. जुनं ऑइल थोडं आतच राहतं, त्यामुळे नुसत्या मापाच्या भांड्यावर विसंबू नका. नवं भरून १०-१२ वेळा पंप करा, दहा मिनिटं थांबा. मग स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली, आणि काठापासून ऑइलपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन्ही बाजूंना ते मॅन्युअलप्रमाणे आणि सारखंच हवं. तरीही तळाला लागत असेल तर पातळी १० मिमी वाढवा, म्हणजे ते अंतर तेवढं कमी करा. फार जास्त भरलं तर वरची हवा कोंडून सील (पाइपभोवतीची ऑइल अडवणारी रबरी कडी) फुटू शकतं.

आता स्प्रिंगची परीक्षा. पुढचं चाक अधांतरी करून पाइपवर केबल टाय सीलला टेकवून बांधा. गाडी खाली घ्या, दुसऱ्याला धरायला सांगून नेहमीच्या पोशाखात बसा, अलगद उतरा, चाक पुन्हा उचला. टाय आणि सीलमधलं अंतर १२० मिमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे एकूण तेवढा दबणाऱ्या) शॉकअपला ३५-४० मिमी असावं. जास्त असेल तर झाकणाखाली, स्प्रिंगच्या वर ५ मिमीचा स्पेसर (जाड चकती) घाला, पुन्हा मोजा. स्पेसरने गाडीची उंची सुधारते, स्प्रिंग कडक होत नाही. १०-१५ मिमी घालूनही अंतर कमी होत नसेल, तर मात्र मेकॅनिकचं खरं : स्प्रिंग बदला.

जोडताना एक्सलचा क्लॅम्प सगळ्यात शेवटी आवळा, तोही पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबल्यावर. आधीच आवळला तर शॉकअपचे दोन्ही पाय वाकडे अडकतात आणि नवं ऑइल घालूनही शॉकअप अडखळतो.

प्रश्न : एकाच शॉकअपमधून ऑइल गळतंय. एकच सील बदललं तर चालेल? (सांगली)

उत्तर : दोन्ही बदला. त्याआधी पाइपवरून नख फिरवा. गंजाचा खड्डा नखाला लागला तर नवं सीलही महिन्याभरात फाटेल. तिथे पाइपच बदलावा लागतो.