वाचकांचे प्रश्न : माचू पिचूची पायवाट आणि पूर्वतयारी

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पन्नाशी ओलांडलेले असून नियमितपणे सिंहगड चढतो. येत्या जूनमध्ये पेरूमधील माचू पिचू या इंकाकालीन नगराच्या अवशेषांपर्यंतची चार दिवसांची इंका वाट चालण्याचा विचार आहे. विमानाने कुस्कोला उतरायचे आणि दुसऱ्याच दिवशी चालायला सुरुवात करायची, असा कार्यक्रम आम्हाला देण्यात आला आहे. आमची तयारी पुरेशी आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पायांची तयारी बऱ्यापैकी आहे, कार्यक्रम मात्र बदलून घ्यावा. सह्याद्रीतील भटकंतीने गुडघे, मांड्या आणि चिकाटी तयार होते, विरळ हवेची सवय होत नाही, कारण महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे आणि कुस्को शहरच सुमारे ३,४०० मीटरवर वसलेले आहे. इंका वाटेवरील सर्वांत उंच खिंड, वार्मिवान्युस्का, सुमारे ४,२०० मीटरवर आहे. तेथे दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ६० टक्केच असतो. उंचीचा त्रास कोणाला होईल हे वयावरून किंवा व्यायामावरून सांगता येत नाही. उलट धडधाकट मंडळी वेगाने चढतात आणि आधी आजारी पडतात, असेही घडते.

म्हणून कुस्कोच्या विमानतळावरून शहरात मुक्कामाला न थांबता सरळ उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरावे. ओयांतायतांबो हे गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे. तेथे दोन रात्री काढून, गावालगतचे इंकाकालीन बांधकाम आणि पिसाकचे अवशेष सावकाश पाहून, मग कुस्कोला निदान एक-दोन रात्री राहावे आणि त्यानंतरच वाटेला लागावे. यासाठी सुटीचे दोन-तीन दिवस जास्त लागतील. खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती अन्यत्र करावी, या दिवसांत नव्हे.

सुमारे ४२ किलोमीटरच्या या वाटेची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होते. वाय्याबांबाच्या आसपासच्या, सुमारे ३,००० मीटरवरील मुक्कामावरून एका दमात बाराशे मीटर चढायचे आणि खिंड ओलांडून लगेच दगडी पायऱ्यांनी सहाशे मीटर उतरायचे असते. या पायऱ्या एकसारख्या नाहीत. काही गुडघ्याइतक्या उंच आहेत. त्यामुळे सरावात चढण्याइतकेच उतरण्यालाही महत्त्व द्यावे. सिंहगडावरून खाली येताना वाहन न घेता पाठीवर पाच-सहा किलोंचे ओझे घेऊन पायीच उतरावे, आणि पुढील काही महिन्यांत कात्रज ते सिंहगड किंवा राजगड ते तोरणा यांसारखी लांबलचक डोंगरधार सलग दोन दिवसांच्या चालीत बसवावी. पहिल्या दिवशी दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालता येते का, हे एका दिवसाच्या गडफेरीत कळत नाही.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. या वाटेवरील उत्तमोत्तम अवशेष खिंडीच्या अलीकडे नसून पलीकडे आहेत. रुंकुराकायचे वर्तुळाकार बांधकाम, कड्याच्या टोकावरील सायाकमार्का, ढगांत हरवणारे फुयुपातामार्का आणि उतारावर शेतीचे सोपान कोरलेले विन्याय वायना ही सर्व ठिकाणे तिसऱ्या दिवशी लागतात, आणि इंकांनी घातलेली मूळ फरसबंदीही त्याच दिवशी सर्वाधिक पायांखाली येते. दुसऱ्या दिवशी जो उरीपोटी धावत खिंड गाठतो, त्याला तिसऱ्या दिवशी मान वर करून पाहण्याचेही त्राण उरत नाही.

प्रश्न : उंचीच्या त्रासावर गोळी घ्यावी की तेथील कोकाच्या पानांचा चहा पुरेसा आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असेटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते, ते साधारणपणे उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. त्याने लघवीचे प्रमाण वाढते आणि बोटांना मुंग्या येतात. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. औषध घेतले म्हणजे थांबण्याचे दिवस वाचवता येतात, असा अर्थ कोणीही काढू नये. डोकेदुखीबरोबर मळमळ, कमालीचा थकवा किंवा चक्कर असेल तर आणखी वर चढायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला किंवा बसल्या जागीही धाप लागू लागली तर रात्र असली तरी खाली उतरवणे हाच उपाय आहे. इंका वाटेवर खिंड ओलांडल्यानंतर बाहेर पडण्याआधी आणखी चढ लागतात. म्हणून माघारीचा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळीच, वाटाड्यापासून काही न लपवता घ्यावा.

कोकाचा, म्हणजे ज्यापासून कोकेन बनते त्या झुडपाच्या पानांचा, चहा पेरूमध्ये कायदेशीर असून कुस्कोच्या हॉटेलांत सर्रास मिळतो. तो प्यायला हरकत नाही, परंतु त्यावर औषध म्हणून विसंबू नये. ही पाने किंवा त्यांच्या चहाच्या पुड्या मात्र भेट म्हणूनही भारतात आणू नयेत; १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार कोकाची पाने बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे.

प्रश्न : हिमालयात आम्ही मित्रमंडळी स्वतःच नियोजन करून जातो. येथेही तसे जाता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. या वाटेवर परवानाधारक संस्थेमार्फतच प्रवेश मिळतो. दिवसाला सुमारे ५०० जणांनाच सोडले जाते आणि त्यात वाटाडे, स्वयंपाकी व हमालही मोजलेले असतात, त्यामुळे जून ते ऑगस्टचे परवाने कित्येक महिने आधी संपतात. परवाना पासपोर्टच्या क्रमांकावर निघतो आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून पासपोर्टची मुदत संपत आली असल्यास नूतनीकरण आधी उरकावे. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. हमालाने उचलायच्या वजनाला तेथील कायद्याने मर्यादा घातली आहे, तेव्हा सामान आटोपशीर ठेवावे आणि संस्था निवडताना हमालांना मजुरी, जेवण व निवारा काय दिला जातो, हेही विचारावे. शाकाहारी असल्यास तसे नोंदणीच्या वेळीच कळवावे. टोकाला रबर बसवलेल्या काठ्या, पावसाळी अंगरखा आणि रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीसाठी उबदार कपडे लागतातच.

स्वतः नियोजन करण्याचीच हौस असेल तर चोकेकिराव या दुसऱ्या इंकाकालीन अवशेषांच्या वाटेचा विचार करावा. तेथे अशी परवान्यांची मर्यादा नाही आणि गर्दीही फारच कमी असते. मात्र आपुरिमाक नदीच्या पात्रापर्यंत सुमारे १,५०० मीटर उंचीवर उतरून पुन्हा ३,००० मीटरवर चढायचे आणि त्याच वाटेने परतायचे, ही चाल इंका वाटेपेक्षा कष्टाची आहे.

प्रश्न : त्रेसष्ट वर्षांच्या आईलाही सोबत न्यायचे आहे, पण ती चालू शकणार नाही. शिवाय पीतज्वराची (यलो फीव्हर) लस आवश्यक आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आईंना ओयांतायतांबोहून रेल्वेने माचू पिचूच्या पायथ्याच्या अग्वास कालियेंतेस गावाला व तेथून बसने माचू पिचूला जाता येते. माचू पिचू स्वतः २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोच्या बरेच खाली असल्याने त्यांना तेथे सहसा त्रास होणार नाही. परंतु कुस्कोतील मुक्कामाबाबत वरील सूचना त्यांनाही लागू आहेत. कुस्को आणि माचू पिचू एवढाच प्रवास असेल तर पीतज्वराची लस आरोग्यासाठी गरजेची मानली जात नाही. तरीही भारताच्या यादीत पेरूची नोंद पीतज्वराचा देश म्हणून असल्याने परतताना प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस केवळ शासनमान्य केंद्रांवर मिळते आणि दहा दिवसांनंतर प्रमाणपत्र वैध होते. साठीनंतर या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढत असल्याने आईंच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला तिकिटे काढण्यापूर्वीच घ्यावा.